रस्त्यावरचं बिऱ्हाड निवाऱ्यात का जात नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात रात्री दुकानांची शटरं खाली आली, की घड्याळ टॉवरच्या आसपासच्या ओट्यांवर अंथरुणं पडतात. त्यांच्याकडे बोट दाखवून हमखास म्हटलं जातं : ‘महापालिका निवारा देते, पण यांनाच रस्त्यावर राहायचंय.’

हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. निवारा म्हणजे बहुतेकदा एक मोठा हॉल, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा, बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई असं बिऱ्हाड तिथे गेलं, तर दारातच त्याची फाळणी होते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आईसोबत बायकांच्या हॉलमध्ये चालत नाही, मग बापाला रात्रपाळी असली तर मुलाने झोपायचं कुणापाशी? भांडी, स्टोव्ह, विकायचा माल, हातगाडी कुठे ठेवायची? पहाटे मोंढ्यात हमालीला उभं राहायचं, तर निवारा लांबचा असून भागत नाही. एवढं सगळं पाहून माणूस ओटाच निवडतो. याला मी हट्ट म्हणणार नाही, तो हिशेब आहे.

नियम मात्र याहून चांगले होते. २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय हवी, माणशी ५० चौरस फूट जागा हवी, निवारा चोवीस तास उघडा हवा आणि कुटुंबांसाठी खासगीपण राखणारी वेगळी व्यवस्था हवी होती. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्याच मापाने अकराशेंहून अधिक लोकांची सोय लागत होती.

दुसरा गैरसमज : ‘बेघर म्हणजे एकटे पुरुष, नाहीतर भिकारी.’ त्याच जनगणनेत देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर माणसं मोजली गेली, ती सुमारे साडेचार लाख कुटुंबांत. सरासरी चौघांचं बिऱ्हाड. महाराष्ट्रात बेघर माणसं दोन लाखांवर होती. भिकारीपणाचा शिक्का तर कायद्यानेच मारला : १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत उपजीविकेचं दृश्य साधन नसताना भटकणाराही बसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून लागू आहे. शिवाय घाटी रुग्णालयाबाहेर झोपणारे रुग्णांचे नातेवाईकही त्या रात्रीपुरते बेघरच. सगळ्या मराठवाड्यातून लोक तिथे येतात.

तिसरा गैरसमज : ‘पत्ता नाही, म्हणजे हक्क नाही.’ साफ चूक. मतदार नोंदणीचंच घ्या. बेघर माणसाने अर्ज क्रमांक ६ मध्ये आपण झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन खात्री करतो. पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही. शाळेचंही तसंच : वयाचा दाखला नाही म्हणून शाळेने मूल परत पाठवणं हे शिक्षणहक्क कायद्याला धरून नाही. निवाऱ्याचं कामही रात्रीच्या झोपेपुरतं नाही : आधार, रेशनकार्ड, बँक खातं, पेन्शन, अंगणवाडी यांच्याशी कुटुंब जोडून देणं त्याच २०१३ च्या सूचनांमध्ये लिहिलेलं आहे.

म्हणून ओट्यावर कुटुंब दिसलं तर हाकलू नका. आधी त्यांना विचारा, मग जागा, वेळ आणि माणसं किती ते महापालिकेला कळवा. एकटं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा. आणि वॉर्डात मत मागायला कुणी आलं, की एवढंच विचारा : कुटुंबाला एकत्र राहता येईल असा निवारा आपल्या भागात कधी होणार?