मोठ्यांचा वर्ग कुठे भरतो?

दीपनगरच्या वसाहतीत कोण कधी झोपणार आणि कोण कधी जेवणार, हे पाळी ठरवते. भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राचे संच चोवीस तास चालतात, त्यामुळे एकाच चाळीत एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी, तिसऱ्याची रात्रपाळी. ५०० मेगावॅटचे दोन संच आणि त्यांच्या जोडीला आलेला ६६० मेगावॅटचा नवा संच सांभाळणाऱ्या माणसांच्या तक्रारी चाळिशीनंतर सारख्याच होत जातात. गुडघे धरतात, कंबर आखडते, रात्रपाळी करून आल्यावर झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. कोणता, कुठे आणि कुणाकडे शिकायचा, असे विचारले की उत्तर बहुधा ‘रोज चालायला जा’ एवढेच मिळते.

व्यायामाचे वर्ग इथे नाहीत असे नाही. भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात कराटे आणि तायक्वांदो शिकवणारे पुष्कळ आहेत. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या गणवेशातली मुले रांगेत उभी राहतात, परीक्षा होतात, कमरेच्या पट्ट्यांचे रंग बदलतात आणि दहावीचे वर्ष आले की बरीच मुले गळतात. आईवडील मैदानाच्या कडेला गाडीवर बसून वर्ग सुटायची वाट पाहतात. त्या वाट पाहणाऱ्यांसाठी मात्र कुणी वर्ग काढल्याचे फारसे दिसत नाही. लढण्याची कला ही कोवळ्या वयात शिकायची गोष्ट, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. जिथून अनेक युद्धकला जगभर गेल्या त्या चीनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथल्या बागांत पहाटे सर्वांत मोठी गर्दी असते ती साठीच्या पुढच्यांची, आणि ती माणसे करत असतात ताई ची.

ताई ची ही मुळात युद्धकलाच. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या गावात चेन घराण्याने ती जोपासली. सतराव्या शतकातला चेन वांगतिंग हा तिचा आद्य पुरुष, असे परंपरा मानते. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस चेन घराण्याकडे ती शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. तिथून तिच्या शाखा फुटल्या. पुढे १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा यंत्रणेने सामान्य लोकांना झेपेल असा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. आज जगात नवशिक्याला जी ताई ची शिकवतात ती बहुतेक वेळा हीच. सगळा क्रम पाच-सहा मिनिटांत होतो. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

वर्गात नेमके काय होते? पहिले काही दिवस फक्त उभे राहायला शिकवतात. पाय खांद्याइतके दूर, गुडघे किंचित सैल, खांदे सोडलेले, पाठ सरळ. ऐकायला सोपे वाटते, पण दोन-तीन मिनिटांतच मांड्या भरून येतात. मग पाऊल टाकणे. डावा पाय पुढे जातो तेव्हा त्यावर अजिबात वजन नसते. आधी टाच टेकते, मग तळवा हळूच जमिनीला लागतो, आणि त्यानंतर शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर सावकाश सरकतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, आत कलता कामा नये. पुढच्या पायाने भार पूर्ण घेतल्याशिवाय मागचा पाय उचलायचा नाही. हात याच वेळी एकमेकांपासून दूर जात असतात, जणू घोड्याची आयाळ विंचरून बाजूला करावी तसे. त्या हालचालीचे नावही रानटी घोड्याच्या आयाळीवरूनच पडले आहे. पुढे पंख पसरणारा पांढरा क्रौंच येतो, मग गुडघ्यावरून हात फिरवत टाकायची पावले येतात. प्रत्येक हालचालीत एक टोला किंवा एक बचाव दडलेला असतो. शिक्षक तो अर्थ दाखवतो तेव्हा शिकणाऱ्याच्या हाताला दिशा मिळते. तोवर ती नुसती हातवारे केल्यासारखी दिसते.

एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नीट नेता येणे ही म्हातारपणी लवकर निसटणारी गोष्ट. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, अंगणातल्या उंबऱ्यावर माणूस पडतो तो अनेकदा याच क्षणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढचे सर्वाधिक असतात. ताई चीने तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण घटते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला राहिला. गुडघेदुखीवाल्यांसाठी तर २०१६ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. बोस्टनमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताचे २०४ रुग्ण घेतले. काहींना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची शिकवली, बाकीच्यांना नेहमीची फिजिओथेरपी दिली. दुखणे दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. भुसावळसारख्या ठिकाणी फिजिओथेरपीला महिनोन्‌महिने जाणे वेळेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने किती जणांना परवडते, याचा विचार केला की या निकालाचे मोल कळते.

चीनचे नाव काढले की आज खानदेशात आठवते ती चौकातली चायनीजची गाडी. तिच्यावरचे मंचूरियनसुद्धा मुंबईचे. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याला १९७५ च्या सुमारास ते पहिल्यांदा केल्याचे श्रेय दिले जाते. पण खानदेशाच्या वेशीवर चीनशी असलेले नाते याहून फार जुने आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवले. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे वर्णन त्याने केले आणि दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचे लिहिले. अभ्यासक हे ठिकाण अजिंठा मानतात. आजही सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते दोन हत्ती उभे आहेत. दीपनगरहून सकाळी निघालेला माणूस ते पाहून दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. ह्युएन त्संग चीनमधून निघाला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. नालंदेत आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली तो विद्यार्थी म्हणून बसला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. मोठ्या वयात परक्या देशात वर्गात बसण्याचे याहून भव्य उदाहरण शोधावे लागेल.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवे. कुंग फू भारतातून गेले, बोधिधर्माने ते शाओलिनच्या भिक्षूंना शिकवले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. बोधिधर्म चीनला गेला आणि तिथल्या ध्यानपरंपरेचा आद्य गुरू मानला गेला, एवढे खरे. पण त्याने युद्धकला शिकवली ही कथा १६२४ च्या एका व्यायामग्रंथाच्या बनावट प्रस्तावनेतून पुढे पसरली, म्हणजे त्याच्या काळानंतर सुमारे हजार वर्षांनी. चिनी इतिहासकारांनीच ती खोटी ठरवली आहे. आपल्याला अभिमान हवा असेल तर त्याला खरा आधार जवळच आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने भारतीय खेळ जगाला दाखवले. स्वतःचा मल्लखांब जगाला दाखवणाऱ्या प्रदेशाने दुसऱ्याची कला शिकण्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

मराठी माणसाने चीनकडून शिकल्याचा सर्वांत हृद्य दाखला सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून मुंबईहून चीनला निघाले. पथकात पाच डॉक्टर होते, त्यांतले डॉ. चोळकर नागपूरचे. कोटणीस तिथे चिनी बोलायला, लिहायला शिकले, इतके की तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यक्रिया शिकवू लागले. बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू मात्र परत आले. पन्नाशीच्या दशकात बसू पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजले ते या वाटेने. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि परिषदही स्थापली. आज सुया टोचून घ्यायला जाणाऱ्या जळगावच्या रुग्णाने समोरच्या व्यक्तीची नोंदणी विचारावी, तो त्याचा हक्क आहे.

खानदेशातली मोठी माणसे असल्या वर्गांना येतील का? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर धुळ्याजवळ, डेडरगाव तलावाच्या परिसरात मिळते. तिथे ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. विपश्यना सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणली. तिथे ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले होते. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि पहिले शिबिर मुंबईत झाले. शिबिर दहा दिवसांचे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. या काळात बोलायचे नाही, फोन नाही, वाचन नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्याने इच्छा असेल तर दान द्यायचे. इतकी कडक शिस्त असूनही शेतकरी, शिक्षक, गृहिणी, निवृत्त कर्मचारी तिथे जातात. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सोय केली आहे. मुंबईत गोराईच्या प्रचंड विपश्यना पॅगोड्याचे उद्‌घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले, त्या जळगाव जिल्ह्याच्याच. आशियातली एखादी साधना चांगल्या रीतीने, विनाशुल्क आणि नीट व्यवस्थेने समोर आली तर खानदेशी माणूस चाळिशीनंतरही जमिनीवर मांडी घालून विद्यार्थी होतो, हे धुळ्याने दाखवून दिले आहे.

ताई चीच्या वर्गाला तर याहून कमी लागते. सपाट जागा, सैल कपडे, पातळ तळव्याचे बूट आणि एक जाणता शिक्षक. शिक्षक हीच खरी अडचण. पुण्या-मुंबईत शिकवणारे मिळतात, लहान गावात शोधावे लागतात. निवडताना काही गोष्टी थेट विचाराव्यात. तुम्ही कुणाकडे आणि किती वर्षे शिकलात? कोणती शाखा? गुडघा दुखणाऱ्याला हालचाल कशी बदलून देता? ज्याला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर उभे राहून दाखवता येते त्याच्याकडे जावे. मधुमेह बरा करतो, गोळ्या बंद करा, असे जो म्हणेल त्याच्या वर्गाला जाऊ नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

वेळेचाही विचार हवा. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळचा वर्ग पहाटे सहाच्या आतच उरकला पाहिजे. पाळीवाल्यांसाठी एकच वेळ ठेवली तर निम्मे लोक गैरहजर राहतील, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी तोच धडा दोनदा घ्यावा. सकाळी डब्यांची घाई असलेल्या बायकांना उन्हाळा सोडला तर दुपारी चारची वेळ सोयीची. आणि वर्गात नुसती कवायत नको. ज्या देशाची कला शिकतो त्याची थोडी ओळखही हवी. आठवड्यातून एखादा तास चिनी अक्षरे कुंचल्याने काढावीत, चहा करण्याची त्यांची रीत पाहावी. चिनी नववर्षाला भुसावळहून मुंबईची गाडी पकडून माझगावच्या १९१९ च्या चिनी मंदिरात जाऊन यावे. शिकणारी माणसे एकमेकांत मिसळतात ती अशाच निमित्तांनी, आणि निवृत्तीनंतर एकटे पडलेल्यांना त्याची गरज व्यायामाइतकीच असते.

दीपनगर, वरणगाव, भुसावळ इथल्या वसाहतींमध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि संध्याकाळी बाकावर बसणारी निवृत्त मंडळीही आहेत. त्यांतल्या दहा जणांनी एकत्र येऊन एक अर्ज लिहावा, जागा मागावी आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या चांगल्या शिक्षकाला सुरुवातीला महिन्यातून एक शनिवार-रविवार बोलवावे. मधल्या आठवड्यांत शिकलेले तेवढेच मिळून घोटावे. बारा आठवड्यांनी गुडघ्यांना विचारावे, आणि मग पुढचे ठरवावे.