पुलगावच्या वावरातले डेरे

पुलगाव म्हटलं की आधी लष्कराचं दारूगोळा भांडार आठवतं, मग जुनी कापडगिरणी, वर्धा नदीवरचा रेल्वेपूल आणि एकेकाळी आर्वीपर्यंत रमतगमत जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’. गावाची आणखी एक ओळख मात्र उलंगवाडीच्या दिवसांतच दिसते. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर निघाली, की या भागातल्या शिवारांत कच्छच्या रबारी मेंढपाळांचे डेरे उतरतात.

डेरा उतरताना पाहण्यासारखा असतो. उंटाच्या पाठीवर खाट उलटी बांधलेली. तिच्या वर आलेल्या खुरांच्या आत गोधड्या, भांडी, पाण्याचे ड्रम आणि सगळ्यांत वर लहान मुलं, नाहीतर नुकतीच जन्मलेली कोकरं. उंट खाली बसला की काळ्या लोकरी ओढण्या घेतलेल्या बाया भराभर दोर सोडतात. खाटा, बोचकी यांचा आडोसा उभा राहतो, चूल पेटते. सारं घर बायाच मांडतात. पुरुष मेंढरांमागे गेलेले असतात.

हे लोक आगंतुक नव्हेत. अनेक कुटुंबांच्या पिढ्या विदर्भातच वाढल्या आहेत. कास्तकार त्यांना आपणहून बोलावतो, कारण रात्रभर वावरात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत आयतं मिळतं. त्याबद्दल डेऱ्याला पैसे किंवा धान्य मिळतं आणि मेंढरांना पऱ्हाटीचा पाला. दोघांचंही भागतं. इतका सरळ व्यवहार शेतीत आता फार उरलेला नाही.

एका शिवारात सगळ्यांची मेंढरं पोसत नाहीत, म्हणून डेरे विखुरलेले राहतात. भेट होते ती लग्नकार्यात किंवा दोन डेऱ्यांच्या वाटा जुळल्या तर. आता मोबाइलमुळे कोण कुठे उतरलंय ते कळतं. पण एकमेकांच्या खाटेवर बसून चहा पिण्याची सर फोनला नाही.

फिरत्या घरांच्या अशा भेटीगाठी दूर अमेरिकेतही होतात. तिथे ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात तिथे चाकांवरची घरं घेऊन हजारो लोक मुक्कामाला येतात, जुने मित्र भेटतात. त्याच गावात हाजी अलीची समाधी आहे. अमेरिकी सैन्याने 1856 मध्ये उंटांबरोबर आणलेला हा ऑटोमन मुलखातला उंटवाला; 1902 मध्ये वारला. दगडी पिरॅमिडच्या टोकावर धातूचा उंट बसवला आहे. तिथे उंटवाल्याचं स्मारक झालं.

इथे चित्र वेगळं. जानेवारी 2022 मध्ये नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छहून विदर्भातल्या डेऱ्यांकडे निघालेले 58 उंट एका तक्रारीवरून ताब्यात घेतले. ते अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने पशुपालकांना परत मिळाले. उंट म्हणजे रबारीचं घर वाहून नेणारं जनावर, हे इथल्या कास्तकाराला कुणी सांगावं लागत नाही. शहरांना ते सांगायला हवं.

डेऱ्यांची जागाही आक्रसते आहे. ओलिताच्या जमिनीत कापसामागोमाग दुसरं पीक उभं राहतं, त्यामुळे वावर रिकामं राहण्याचे दिवस कमी झालेत. कोरडवाहू शिवारात अजून जागा आहे.

पुलगाव मुंबई–हावडा लोहमार्गावर, बडनेरा आणि वर्ध्याच्या दरम्यान आहे. डेरा पाहायचा तर माघ-फाल्गुनात, दिवस मावळायच्या सुमारास जावं. तेव्हा मेंढरं परतलेली असतात. धुऱ्यावरूनच हाक द्यावी, कारण कुत्री राखणीला असतात, आणि बायाबापड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.