रात्र कोणाच्या घरी?

१९१३ साली गालिली सरोवराकाठच्या दगानिया वसाहतीत गिदोन बाराट्झ जन्मला आणि तिथल्या मंडळींपुढे पेच पडला. १९१० साली वसलेल्या या पहिल्या किबुत्झमध्ये जमीन, गोठा, कमाई सगळे सामाईक. मूल मात्र कोणाचे? त्याची आई मिरियम गोठा सांभाळायची. तान्ह्याला घेऊन तिने किती दिवस धारा काढायच्या? अखेर मुलांचा खर्च आणि भार साऱ्यांनी उचलायचा, असे ठरले.

पुढच्या बहुतेक वसाहतींनी ही कल्पना टोकाला नेली. बाळ काही दिवसांचे झाले की त्याचा मुक्काम बालघरात. आई ठरल्या वेळी येऊन पाजून जाई. मूल मोठे झाले की आईबापांची भेट दुपारी चारच्या सुमारास, कामावरून सुटल्यावर. दोनतीन तास लाड करायचे आणि रात्री पुन्हा बालघरात नेऊन निजवायचे. यात हिशेबही होता. मोठी माणसे तंबूत राहत, तेव्हा वसाहतीतली पक्की इमारत मुलांना मिळे. शिवाय बाई चूल आणि मुलांतून मोकळी होणार होती.

ती मोकळी झाली खरी, पण स्वतःच्या मुलातून सुटून दुसरीच्या मुलांत अडकली. मुलांना सांभाळणारी ‘मेतापेलेत’ ही जवळपास सगळीकडे बाईच असे. बालघरात बाप्यांची पाळी लावायचे या समतावाद्यांना फारसे सुचले नाही!

मुलांचे दिवस मात्र मजेत जात. त्यांची स्वतःची छोटी शेती असे, कोंबड्या-शेळ्या असत. डाव्या विचारांच्या वसाहतींच्या निवासी शाळांत गुण आणि परीक्षा नव्हत्या. एका गटातली मुले इतकी भावंडांसारखी वाढली की, जोसेफ शेफर या समाजशास्त्रज्ञाने किबुत्झमधली पावणेतीन हजारांवर लग्ने तपासली, तरी पहिली सहा वर्षे सलग एकत्र काढलेल्यांपैकी एकही जोडपे त्याला सापडले नाही. तशी लग्ने करायला कोणी मनाई केली नव्हती.

घोडे अडले ते रात्रीपाशी. मेतापेलेत घरी गेली की सगळ्या बालघरांवर राखणीला एकदोन बायका उरत. पाळी बदलत राहायची, त्यामुळे रात्री दचकून उठलेल्या पोराला अनोळखी चेहरा दिसे, तोही रडणे ऐकून कोणी पोचल्यावर. पुढे इंटरकॉम आले. एका खोलीत बसून सगळ्या घरांतले आवाज ऐकायचे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली संशोधकांच्या अभ्यासात दिवसभर सारख्याच बालघरांत राहणारी बाळे होती. रात्री घरी झोपणाऱ्यांपैकी ८० टक्के बाळांचे आईशी सुरक्षित नाते आढळले; बालघरात झोपणाऱ्यांत ४८ टक्के.

तोवर आयांनी निकाल लावून टाकला होता. मुले रात्री घरी हवीत, हा आग्रह प्रामुख्याने त्यांचा, म्हणजे ज्यांच्या मुक्तीसाठी हा खटाटोप होता त्यांचाच. एकेका वसाहतीच्या सभेत मतदान होत गेले. १९९१च्या आखाती युद्धात इराकी क्षेपणास्त्रांच्या भीतीने उरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणची मुलेही आईबापांपाशी झोपू लागली, ती परतलीच नाहीत. बालघरांत वाढलेल्यांचे अनुभव मात्र एका सुरातले नाहीत. याएल नेमानचे येहियाम किबुत्झच्या आठवणींचे पुस्तक आणि रान ताल यांचा २००७चा माहितीपट, दोन्हींत जिव्हाळा आणि घुसमट शेजारी-शेजारी आहेत.

दिवसाची बालघरे अजून चालतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता आसपासच्या गावांतली मुलेही फी भरून येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात.