विज्ञानशिक्षणाचें संशोधन : तें शोधावें कोठें व वाचावें कसें

विज्ञानाच्या तासाला निसर्गाची परीक्षा कशी घ्यावी हें आपणांस शिकविलें जातें. परंतु त्या तासाचीच परीक्षा कशी घ्यावी, हा विचार फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एखादा सिद्धांत मुलास खरोखर उमगला, कीं त्यानें तो केवळ मुखोद्गत केला, याचा निर्णय उत्तरपत्रिकेवरून सहसा होत नाहीं. हा निर्णय पद्धतशीरपणें करूं पाहणारें एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास विज्ञानशिक्षणाचें संशोधन म्हणतात. त्याच्या पद्धती ज्यांस शिकावयाच्या असतील, त्यांनीं साधनें कोठें शोधावीं व हातीं आल्यावर तीं कशीं वाचावीं, याचें थोडक्यांत दिग्दर्शन करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येक पुढें शिक्षकाचा व्यवसाय पत्करतील. हे चार शब्द त्यांच्या उपयोगीं पडले तर आमचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं.

आरंभ एखाद्या सर्वसामान्य ग्रंथापासून करावा हें उत्तम. कोहेन व मॅनियन यांचा 'रिसर्च मेथड्स इन एज्युकेशन' हा ग्रंथ इ. स. १९८० मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला, व पुढें त्याच्या अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, प्रयोग अशा एकेका पद्धतीचें त्यांत विवेचन आहे. नंतर नियतकालिकांकडे वळावें. अमेरिकेंत १९१६ सालीं निघालेलें व १९२९ पासून 'सायन्स एज्युकेशन' या नांवानें चालणारें नियतकालिक यांत फार जुनें आहे. 'जर्नल ऑफ रिसर्च इन सायन्स टीचिंग' १९६३ सालीं निघालें. १९७४ पासून निघणारें 'स्टडीज इन सायन्स एज्युकेशन' हें एकेका विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेणारे लेख छापतें. नवशिक्यानें असा एक आढावा आधीं वाचावा. अरण्यांत शिरण्यापूर्वीं टेकडीवर चढून वाटा पाहून घ्याव्या, तसेंच हें आहे.

परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरणें सामान्य शाळेस शक्य नसतें, हें खरें. परंतु अमेरिकन सरकारची 'एरिक' नांवाची सूची आंतरजालावर कोणासही विनामूल्य पाहतां येते. तींत लेखांचे सारांश व कित्येकदां संपूर्ण लेखही मिळतात. आपल्या विद्यापीठांचे पीएच. डी. चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहांत सांपडतात. प्रबंध लांबलचक असतात. पण जी पद्धत छापील लेखांत चार ओळींत उरकलेली असते, ती तेथें प्रकरणभर सांगितलेली असते, व प्रश्नावलीही पुष्कळदां परिशिष्टांत जशीच्या तशी दिलेली असते. १९७४ सालीं स्थापन झालेलें व मुंबईस मानखुर्द येथें असलेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हें तर आपल्या अगदीं जवळचें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रानें भरविलेल्या 'एपिस्टीम' परिषदांपैकीं पहिली २००४ सालीं गोव्यांत झाली. या परिषदांचे निबंधसंग्रह अभ्यासकानें अवश्य चाळावे.

साधनें मिळालीं, आतां तीं वाचावीं कशीं? एका प्रश्नाचा माग काढून पाहूं. पृथ्वीचा आकार मुलें कसा समजतात? 'पृथ्वी गोल आहे' हें उत्तर तर प्रत्येक मूल देतें. परंतु १९९२ सालीं व्हॉस्नियादू व ब्रुअर यांनीं अमेरिकेंतील ६० मुलांच्या मुलाखतींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनीं मुलांस चित्रें काढावयास सांगितलीं, व पुष्कळ दिवस सरळ चालत गेल्यास आपण कोठें पोहोंचूं, पृथ्वीला कडा आहे काय, असे प्रश्न विचारले. तेव्हां निराळेंच आढळलें. कांहींच्या मतें पृथ्वी पोकळ गोळा असून माणसें आंतील सपाट भूमीवर राहतात. कांहींच्या मतें पृथ्वी दोन, एक आकाशांतली गोल व दुसरी पायांखालची सपाट. १९९६ सालीं याच पद्धतीनें भारतीय मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पाण्यावर आधारलेल्या पृथ्वीची कल्पना पुष्कळ मुलांत दिसली.

येथेंच कोणी वाचन थांबवील, तर 'मुलांस कांहीं कळत नाहीं' असा ग्रह करून घेईल. परंतु २००१ सालीं स्वीडनमधील शुल्ट्स, सेल्यो व विंधाम यांनीं पृथ्वीचा गोल मुलांसमोर ठेवून त्यांच्याशीं संभाषण केलें, तेव्हां सपाट किंवा पोकळ पृथ्वीच्या त्या कल्पना जवळजवळ दिसेनाशा झाल्या! विषय तोच, बदलली ती विचारण्याची रीत. केवळ निष्कर्ष वाचणारास यांतील विरोध गोंधळांत पाडील. पद्धत वाचणारास मात्र त्यांतूनच शिकावयास मिळेल.

यास्तव कोणताही लेख हातीं येतांच चार गोष्टी प्रथम पाहाव्या. कोणास विचारलें? कोणत्या शब्दांत विचारलें? उत्तर देतांना मुलाच्या हातीं काय होतें, कागद, गोल, कीं कांहींच नाहीं? आणि मिळालेल्या उत्तरांचे वर्ग कोणत्या नियमानें पाडले? या चोहोंचीं उत्तरें ज्या लेखांत मिळत नाहींत, त्याच्या निष्कर्षावर फार भार टाकूं नये. उत्तम लेख सांपडल्यावर त्याच्या शेवटच्या ग्रंथसूचीवरून मागें जावें, व नंतर कोणी त्याचा उल्लेख केला हें पाहून पुढें यावें. 'गूगल स्कॉलर' या शोधसाधनानें हें दुसरें काम फार सोपें केलें आहे.

मराठी अभ्यासकास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. इंग्रजीतील 'अर्थ' या शब्दानें माती, जमीन व ग्रह या तिहींचा बोध होतो; आपल्या भाषेंत त्यांस निरनिराळे शब्द आहेत. परदेशी प्रश्नावलीचें नुसतें भाषांतर केलें तर प्रश्नच बदलून जातो. म्हणून ती आधीं थोड्या मुलांत वापरून, त्यांस प्रश्न कसा समजला हें पाहून, मगच कामास घ्यावी. शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनीं महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांत खगोलाच्या शिक्षणाचा जो अभ्यास केला, त्यांत शब्दांबरोबर आकृत्या व हातवारे यांचाही उपयोग केला आहे. मूल जें बोलून दाखवूं शकत नाहीं, तें कित्येकदां हातानें दाखवितें.

वाचकहो, हा विषय केवळ पंडितांचा नव्हे. वर्गांत एक चुकलेलें उत्तर ऐकून मुलावर मंदबुद्धीचा शिक्का मारणें क्षणाचें काम आहे. तो शिक्का पुसावयास मात्र वर्षें लागतात. दोष मुलाच्या बुद्धींत आहे, शिकविण्यांत आहे, कीं आपल्या प्रश्नांत आहे, हें पारखण्याची विद्या ज्या शिक्षकाच्या अंगीं आली, त्याच्या वर्गांतील मुलास न्याय मिळेल. एवढ्या लाभासाठीं ग्रंथालयांत घालविलेले कांहीं तास अधिक झाले असें कोण म्हणेल?