क्लॅम्प टेबलाच्या भोकात बसत नाही? आधी माप, मग कानस

लाकडाच्या कामात दोन हात कधीच पुरत नाहीत. एका हाताने फळी दाबायची आणि दुसऱ्याने रंधा किंवा मशीन चालवायचे, ही पद्धत हाताला आणि मालाला दोघांनाही धोक्याची. म्हणून आता लहान कारखान्यांतूनही ओळीने भोके पाडलेली कामाची टेबले आली आहेत. भोकात क्लॅम्पची पिन किंवा दांडी घालायची, माल आवळायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. व्यवस्था चांगली आहे, पण एक तक्रार वारंवार कानावर येते : क्लॅम्प आणला, पैसे मोजले आणि तो टेबलाच्या भोकात जातच नाही, गेला तर डुगडुगतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. लाकूडकामावर आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. दुकानाचे काउंटर, गोदामाच्या मांडण्या आणि कटिंगची टेबले यांच्या निमित्ताने गेली तीस वर्षे मिस्त्री लोकांशी आमचा संबंध आहे. शिवाय हा प्रश्न मुळात मापाचा आहे आणि मापाशी आमच्या धंद्याचे जुने नाते आहे.

गज आणि मीटरचेच भांडण

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तरी कापडबाजारात गज बरीच वर्षे तोंडात राहिला. गज ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० चा. मीटरचा भाव देऊन गजाने माल घेतला तर शंभर मीटरमागे साडेआठ मीटर कापड गेले. हा फरक डोळ्याला दिसतो, म्हणून व्यापारी सावध झाला.

टेबलाच्या भोकात हेच भांडण आहे, पण फरक एका मिलिमीटरहूनही कमी असल्यामुळे तो डोळ्याला दिसत नाही. मिस्त्रीच्या भाषेत इंचाचे आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीचे बरेचसे सामान या मापाचे असते. युरोपातील टेबलांची पद्धत २० मिलिमीटरची. जर्मनीच्या फेस्टूल कंपनीच्या प्रसिद्ध टेबलात २० मिलिमीटरची भोके ९६ मिलिमीटर अंतराने असतात. काही टेबलांना २५ मिलिमीटरचीही भोके येतात. आपल्या बाजारात हे सगळेच माल शेजारी शेजारी मांडलेले असतात. २० ची पिन सहा सुतांच्या भोकात जाणार नाही. सहा सुतांची पिन २० च्या भोकात जाईल, पण जवळजवळ एक मिलिमीटर हलेल. एक इंच म्हणजे २५.४; ती पिन २५ च्या भोकाला अडते.

आधी रोग ओळखा

क्लॅम्प अडला की कारागीर पहिल्यांदा कानस उचलतो. तसे करू नये. व्हर्नियर कॅलिपर घ्यावा, पिन मोजावी, भोक मोजावे आणि मग खालील कारणांपैकी कोणते ते ठरवावे.

पहिले कारण वर सांगितले, इंच आणि मिलिमीटरचे.

दुसरे कारण पाइपचे. पुष्कळ कारागीर पाइपचा तुकडा वेल्ड करून घरच्या घरी क्लॅम्प बनवतात. पण नळाचा पाइप ज्या नावाने विकला जातो ते त्याचे बाहेरचे माप नसते. अर्धा इंची पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. तो १९ च्याही भोकात जात नाही आणि २० च्याही नाही. पाऊण इंची पाइप बाहेरून जवळपास २७ भरतो. क्लॅम्पसाठी पाइप घेताना नाव विचारू नये, बाहेरून मोजून घ्यावा.

तिसरे कारण चपट्या दांडीचे. काही जण साध्या क्लॅम्पचे एक टोक काढून दांडी टेबलाच्या खालून वर घेतात. दांडी चौकोनी आणि भोक गोल. येथे दांडीची रुंदी बघून चालत नाही, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे माप बघावे लागते. दांडी १९ रुंद आणि ६ जाड असेल तर तिरपे माप १९.९ होते : १९ च्या भोकात अशक्य, २० च्या भोकात जेमतेम. २० रुंद आणि १० जाड दांडीचे तिरपे माप २२.४; ती २० च्या भोकात कधीच जाणार नाही. १५ रुंद आणि ६ जाड दांडी मात्र १६.२ भरते आणि दोन्हीकडे चालते.

चौथे कारण खुद्द भोकाचे. भोक तिरके पडले असेल किंवा वरून अर्धे आणि खालून अर्धे पाडताना मध्ये जुळले नसेल, तर पिन अर्ध्यावर अडते. पिन वरून आणि खालून दोन्हीकडून घालून पाहिली की हे कळते. भोकात पॉलिशचा थर किंवा वाळलेला फेव्हिकॉल असला तरी पिन अडते. असे भोक काठीला पॉलिशपेपर गुंडाळून साफ करावे, एवढ्यानेच पुष्कळदा काम होते.

पाचवे कारण हवेचे. लाकडाची फळी लांबीत फारशी बदलत नाही, रुंदीत बदलते. ओल्या दिवसांत पाडलेले गोल भोक फळी सुकल्यावर आडव्या अंगाने आकसते आणि अंडाकृती होते. भोक फळीच्या लांबीने एकदा आणि रुंदीने एकदा मोजावे. फरक दिसला तर फक्त आकसलेल्या दोन बाजूंना गोल कानस हलकेच फिरवावी. एमडीएफच्या टेबलाला पाणी लागले तर भोकाची कड फुगते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून नव्या टेबलाच्या भोकांच्या आत पहिल्याच दिवशी सीलर किंवा पॉलिशचा एक पातळ हात द्यावा.

इलाज स्वस्तापासून सुरू करा

रोग कळला की पहिला प्रश्न विचारावा : क्लॅम्प परत देता येतो का? पिन घासली की दुकानदार माल परत घेणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. म्हणून परत देण्याची आशा असेपर्यंत पिनेला हत्यार लावू नये.

परत देता येत नसेल तर दुसरा नियम : स्वस्त वस्तूला हात लावा, महागाला नको. टेबलाला वीस-तीस भोके असतात, क्लॅम्प दोन-चार असतात. पिन भरीव आणि फक्त जाड असेल तर टर्नरकडे लेथवर उतरवून घ्यावी. एका क्लॅम्पपायी सगळी भोके मोठी केली तर बाकीचे सामान ढिले पडते.

पिन बारीक असेल तर तिला नायलॉन किंवा पितळेची बुश बसवावी. १९ ची पिन २५ च्या भोकात वापरायची असेल तर बुशची भिंत ३ मिलिमीटरची होते. लाकडाची इतकी पातळ बुश चिरते, नायलॉनच्या रॉडमधून कातून घेतलेली टिकते. १९ आणि २० चाच फरक असेल तर पिनेला मास्किंग टेपचे वेढे देऊन, प्रत्येक वेढ्यानंतर मोजून, तात्पुरते काम भागते.

सगळे सामान २० चे आणि टेबल तेवढे १९ चे, अशी वेळ आली तर भोके मोठी करणे भाग आहे. पण पाडलेल्या भोकात मोठे बिट सरळ घालू नये. मध्ये लाकूडच नसल्यामुळे बिटाला केंद्र सापडत नाही, ते फिरते आणि कड फाडते. भोकात लाकडाची गोल खुंटी चिकटवून, वाळवून, मग केंद्र काढून नवे भोक पाडावे.

वाकड्या मानेचा पोलादी क्लॅम्प, ज्याला होल्डफास्ट म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. तो भोकात थोडा तिरपा होऊन अडकतो, म्हणून त्याला थोडी ढिलाई लागतेच. तो पकडत नसेल तर दांडीवरचे तेल पुसावे आणि दांडी आडव्या अंगाने एमरी पेपरने खरखरीत करावी. टेबलाची फळी १८ मिलिमीटर प्लायची असेल तर त्याला अडकायला जागाच मिळत नाही; भोकाखाली जाड लाकडाचा ठोकळा चिकटवून त्यातून भोक आरपार न्यावे. उलट फळी फार जाड असेल तर दांडी तिरपी होत नाही. अशा वेळी भोक खालच्या बाजूने मोठे करावे.

एक गोष्ट कधीच करू नये : अडलेली पिन हातोड्याने ठोकून बसवू नये. ती निघत नाही आणि फळीला चीर जाते. अर्धवट बसलेला क्लॅम्प तर मशीन चालू असताना सुटतो. क्लॅम्पचे पैसे पुन्हा कमावता येतात, बोटे येत नाहीत. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

दुकानदार आणि गिऱ्हाईक

आमच्या धंद्यात रंग जुळवायचा असेल तर गिऱ्हाईक कापडाची कातरण घेऊन येते. तोंडी "आकाशी" म्हटले तर दहा आकाशी निघतात. कारागीर बंधूंनीही हेच करावे. ज्या बिटाने टेबल पाडले त्याच बिटाने एका तुकड्यात भोक पाडून तो खिशात ठेवावा आणि नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात पिन त्यात घालून पाहावी. दांडीचा क्लॅम्प असेल तर टेबलाची जाडीही लिहून न्यावी.

हार्डवेअरच्या व्यापारी बंधूंना विनंती अशी की, काउंटरवर १९, २० आणि २५ मिलिमीटरची भोके पाडलेली एक फळी ठेवावी. खर्च काहीच नाही. परतीचा माल कमी होईल आणि गिऱ्हाईक जोडले जाईल.

बिल मात्र घ्यावेच. डब्यावर १९ छापलेले आणि आत २० निघाले, तर ती गिऱ्हाइकाची चूक नव्हे. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा कारागीर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे, व्यापारी म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. मात्र बिल आणि न घासलेली पिन हाताशी असेल तरच त्याच्या बोलण्याला वजन येते.

नवे टेबल बनवणाऱ्यांना शेवटचा सल्ला : क्लॅम्प आधी घ्या, भोके नंतर पाडा. एकच माप ठरवा आणि ते टेबलाच्या पायावर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे उद्या तुमचा मुलगा किंवा शागीर्द बाजारात गेला तरी चुकीचा माल घरी येणार नाही.