माणसाळलेल्या प्राण्यांचे चित्रविश्व

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात दरवर्षी उन्हाळ्यात काही दिवस लांडगे, कोल्हे आणि वाघ दोन पायांवर हिंडताना दिसतात. २००६पासून येथे भरणाऱ्या ‘अँथ्रोकॉन’ या संमेलनासाठी ही मंडळी जमतात. २०२४मध्ये त्यांची संख्या १७ हजारांवर गेली होती. माणसासारखे चालणारे, बोलणारे, कपडे घालणारे प्राणी हे ज्यांच्या आवडीचे केंद्र आहे, अशा या रसिकांना ‘फरी’ म्हटले जाते.

दमनक आणि करटक यांच्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला बोलक्या कोल्ह्याचे नवल वाटू नये. मात्र पंचतंत्रातील कोल्हा राजपुत्रांना नीती शिकविण्यासाठी येतो. फरीचा कोल्हा बहुधा त्या माणसाचाच प्रतिनिधी असतो. स्वतःसाठी कल्पिलेल्या या प्राणिरूपाला ‘फरसोना’ असे नाव आहे.

या चळवळीचे मूळ विज्ञानकथांच्या संमेलनांत सापडते. १९८०मध्ये बोस्टन येथील अशाच एका संमेलनात स्टीव्ह गॅलाची या चित्रकाराने रंगविलेल्या मांजररूपी सेनाधिकाऱ्याच्या चित्राने रसिकांना एकत्र आणले. पुढे गॅलाची यांच्या ‘अल्बेडो’ या चित्रकथा-नियतकालिकात स्टॅन सकाई यांचा ससा सामुराई १९८४मध्ये प्रथम अवतरला. फरींचे पहिले स्वतंत्र संमेलन १९८९मध्ये कॅलिफोर्नियात झाले, तेव्हा जेमतेम ६५ जण उपस्थित होते.

वृत्तपत्रांत छायाचित्र येते ते केसाळ पोशाखाचे. वस्तुतः बहुतेक फरींकडे असा पोशाख नसतोच. त्यांच्याकडे असते ते चित्र, तेही मागणीनुसार काढून घेतलेले. ग्राहक आपल्या पात्राचे रंग, खुणा, शेपटीची ठेवण दाखविणारा तक्ता चित्रकाराला देतो आणि चित्रकार त्यावरून नवा प्रसंग रंगवितो. अनेक चित्रकारांचा चरितार्थ यावर चालतो. यात प्रौढांसाठीच्या चित्रांचाही एक भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून सगळ्यांना मोजणे अन्यायाचे ठरते.

पोशाख हे निराळेच कसब. फोम कापून मुखवट्याचा सांगाडा घडवितात आणि त्यावर कृत्रिम फर चढवितात. डोळे खोलगट बसविल्याने ते पाहणाऱ्याकडे वळल्याचा भास होतो; आतील माणसाला मात्र बारीक जाळीतून जेमतेम दिसते. उकाडा इतका की, संमेलनात पंखे आणि पाणी ठेवलेली खास खोली असते. तेथे मुखवटे उतरवायचे आणि छायाचित्रे काढायची नाहीत, असा दंडक! संपूर्ण पोशाखाला काही हजार डॉलर सहज लागतात.

या छंदाची थट्टा सवयीची झाली आहे. डिसेंबर २०१४मध्ये शिकागोजवळील ‘मिडवेस्ट फरफेस्ट’च्या हॉटेलात मध्यरात्रीनंतर क्लोरीन वायू पसरला. हजारो लोकांना थंडीत बाहेर काढावे लागले, १९ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हे कृत्य हेतुपुरस्सर असावे, असा पोलिसांचा संशय होता. तरीही एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीवर ही बातमी सांगताना निवेदिकेला हसू आवरले नाही. पुढील वर्षी संमेलनाची गर्दी वाढली.

आताची चिंता वेगळी आहे. संगणकाला चार शब्द सांगितले की कोल्हा क्षणात तयार होतो. फरींच्या चित्रांचे मोठे दालन असलेल्या ‘फरॲफिनिटी’ या संकेतस्थळाने २०२२मध्येच अशा यंत्रनिर्मित चित्रांना मज्जाव केला. अँथ्रोकॉनच्या विक्री दालनात आजही चित्रकार टेबलाशी बसून ग्राहकाला विचारतात: शेपटीचे टोक पांढरे की करडे?