हळद, मिरी आणि यकृत

आमच्याकडे मुलाला खोकला झाला, की हळदीचे दूध देतात व त्यात मिऱ्याची चिमूटभर पूड घालतात. ही चिमूट कशासाठी, असे विचारले तर पूर्वापार चालत आले आहे, एवढेच उत्तर मिळते. परंतु या चिमटीचा आपल्या यकृताशी जो संबंध आहे, तो विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कुरकुमिन. हळकुंडात ते शेकडा ३ च्या आसपास असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे आतड्यातून थोडेच शोषले जाते. जे शोषले जाते, तेही सुखासुखी शरीरभर फिरत नाही. आतड्यांकडून निघालेले रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात येते. उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचा अवयव म्हणजे जणू वेशीवरचा जकातनाकाच! तेथील पेशी कुरकुमिनच्या रेणूंत हायड्रोजन मिळवितात, आणि त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची किंवा सल्फेटाची जोड देतात. (हे काम थोडेबहुत आतड्याच्या भिंतीतही चालते.) अशी जोड मिळाली, की न विरघळणारे द्रव्यही पाण्यात विरघळते आणि पित्तावाटे वा मूत्रावाटे बाहेर पडते.

मिऱ्यातील पायपेरीन ही जोड देण्याचे कामच मंदावते. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, २ ग्रॅम कुरकुमिनासोबत २० मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यावर माणसांच्या रक्तास मिळणारे कुरकुमिन सुमारे २० पटींनी वाढले.

मात्र नाकेदाराचे हात बांधले, म्हणजे हळदच तेवढी आत येते असे नव्हे. फेफऱ्यावरील फेनिटॉइनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाणही पायपेरीनमुळे वाढते. शिवाय दुधातील अर्धा चमचा हळदीत कुरकुमिन ५० मिलिग्रॅमच्या आसपासच भरते. बाजारच्या एकेका गोळीत ते ५०० मिलिग्रॅम असते, आणि कित्येक गोळ्यांत मिऱ्याचे सत्त्वही असते. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यकांना २०२२ पर्यंतच्या नोंदींत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेले १० रुग्ण आढळले. त्यांतील एक दगावला.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर असल्या गोळ्या तत्काळ थांबवून डॉक्टरांस त्यांचे नाव सांगावे. पुष्कळजण ते सांगतच नाहीत; झाडपाल्याला औषध कोण म्हणतो!